चपट्या चेहऱ्याच्या श्वानांचे आरोग्य : घोरण्याकडे दुर्लक्ष नको

- प्रतिनिधी

पग, बुलडॉग, शित्झू, पेकिनीज यांसारख्या चपट्या चेहऱ्याच्या श्वानांनी शहरी घरांत आपले स्थान पक्के केले आहे. आकाराने बहुधा लहान, स्वभावाने मिळतेजुळते घेणारे, मुलांत रमणारे आणि दोन खोल्यांच्या सदनिकेतही सहज सामावणारे हे प्राणी पाहताक्षणी आवडतात. मोठाले डोळे, बसके नाक, कपाळावरच्या वळ्या यांमुळे त्यांचा चेहरा लहान बाळासारखा भासतो. नाकातून येणारी घरघर आणि झोपेतले घोरणे हा तर घरोघरी कौतुकाचा विषय असतो. प्रत्यक्षात ही घरघर म्हणजे अरुंद झालेल्या श्वसनमार्गातून हवा ओढताना होणारा आवाज असतो.

लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजमधील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेली एक पाहणी या संदर्भात डोळे उघडणारी आहे. ज्यांच्या श्वानांना श्वसनमार्गाचा विकार जडला होता, अशा मालकांपैकी ५८ टक्के मालकांना आपल्या श्वानाला श्वासाचा काही त्रास आहे असे वाटतच नव्हते. घोरणे, धापा टाकणे, थोडे चालून बसून राहणे ही लक्षणे त्यांना दिसत होती; परंतु 'या जातीचे कुत्रे असेच असतात' अशी त्यांची समजूत होती. या समजुतीमुळे उपचारांना उशीर होतो आणि वेळीच आटोक्यात येणारा विकार पुढे जिवावर बेततो. म्हणूनच या श्वानांच्या शरीराची रचना, त्यांना होणारे नेहमीचे विकार आणि घरी घ्यावयाची काळजी यांची माहिती प्रत्येक मालकाला असणे आवश्यक आहे.

लोकप्रियता आणि जाहिरात

आपल्याकडे पग घराघरांत पोहोचला तो २००३ साली 'हच' या मोबाईल कंपनीच्या जाहिरातीमुळे. लहान मुलाच्या मागे मागे जाणारा तो पग पाहून या जातीच्या पिल्लांची मागणी एकाएकी वाढली. पुढे शित्झू आणि फ्रेंच बुलडॉग यांनाही शहरांत पसंती मिळू लागली. अमेरिकेत २०२२ च्या नोंदणीत फ्रेंच बुलडॉगने सलग ३१ वर्षे पहिल्या क्रमांकावर असलेल्या लॅब्रेडॉरला मागे टाकले.

लोकप्रियतेच्या या लाटेने पशुवैद्यकांना मात्र काळजीत टाकले. ब्रिटिश व्हेटर्नरी असोसिएशनने २०१८ साली विशेष मोहीम हाती घेऊन जाहिराती, शुभेच्छापत्रे आणि इतर मालावर चपट्या चेहऱ्याच्या श्वानांची चित्रे वापरू नयेत, असे आवाहन उद्योगांना केले. चित्र पाहून होणाऱ्या खरेदीत प्राण्याच्या प्रकृतीचा विचार मागे पडतो, हे त्यामागील कारण होते.

नाक आखूड कसे झाले?

आखूड कवटीच्या श्वानांना पशुवैद्यकशास्त्रात 'ब्रॅकिसेफॅलिक' म्हणतात. आखूड आणि डोके या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून ही संज्ञा बनली आहे. पग, इंग्लिश बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, बोस्टन टेरियर, पेकिनीज आणि शित्झू या जाती त्यांत प्रामुख्याने येतात. बॉक्सर, बुलमॅस्टिफ, ल्हासा अप्सो यांचाही समावेश या गटात केला जातो. मात्र त्यांचा चेहरा सहसा इतका चपटा नसतो.

पग आणि पेकिनीज या मूळच्या चीनमधील जाती. बुलडॉग इंग्लंडमध्ये बैलांशी झुंजविण्यासाठी पोसला जाई. १८३५ साली तेथे या झुंजींवर बंदी आली आणि बुलडॉग घरात व प्रदर्शनांत आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात श्वानांची प्रदर्शने आणि जातींच्या नोंदवह्या सुरू झाल्यावर अधिकाधिक चपटा चेहरा असलेल्या नर-मादींची निवड होऊ लागली. या बदलाचा पुरावा चित्रकलेत सापडतो. इंग्लिश चित्रकार विल्यम होगार्थ याने १७४५ साली आपल्या पाळीव पगसह काढलेले आत्मचित्र प्रसिद्ध आहे. त्यातील पगचे मुस्कट आजच्या पगपेक्षा स्पष्टपणे लांब आहे. म्हणजेच आज दिसणारा सपाट चेहरा हा निसर्गाने दिलेला नसून माणसाने केलेल्या निवडीचा परिणाम आहे.

पिढ्यान् पिढ्यांच्या निवडीमुळे कवटीचे हाड आखूड झाले. पण नाकातील, टाळूतील आणि घशातील मऊ भाग त्या प्रमाणात लहान झाले नाहीत. तीन खोल्यांचे सामान एका खोलीत कोंबावे, तशी ही अवस्था आहे. या श्वानांच्या बहुतेक आजारांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

श्वसनमार्गाचा विकार

या श्वानांमधील सर्वांत महत्त्वाच्या विकाराला 'ब्रॅकिसेफॅलिक ऑब्स्ट्रक्टिव्ह एअरवे सिंड्रोम' असे नाव असून, पशुवैद्यक त्याचा उल्लेख संक्षेपाने 'बोआस' असा करतात. त्यात एकाच वेळी अनेक दोष असू शकतात. पहिला दोष नाकपुड्यांचा. निरोगी श्वानाच्या नाकपुड्या स्वल्पविरामाच्या आकाराच्या आणि मोकळ्या असतात. या श्वानांत अनेकदा केवळ एक चीर दिसते. दुसरा दोष मऊ टाळूचा. टाळूचा मागचा भाग लांब व जाड असल्याने तो घशात लोंबतो आणि श्वास घेताना स्वरयंत्राच्या तोंडाशी अडकतो. घोरण्याचा आवाज मुख्यत्वे त्यातूनच येतो. याखेरीज नाकाच्या आतील पडद्यांची दाटी आणि काही जातींत, विशेषतः इंग्लिश बुलडॉगमध्ये, मूळचीच अरुंद श्वासनलिका असे दोषही आढळतात.

नळी थोडीशी अरुंद झाली तरी तिच्यातून हवा ओढण्यास लागणारा जोर कितीतरी वाढतो. भौतिकशास्त्राच्या नियमानुसार संथ प्रवाहात नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर प्रवाहाला होणारा विरोध सोळापट होतो. त्यामुळे हे श्वान प्रत्येक श्वासासाठी छातीचे व पोटाचे स्नायू जोराने वापरतात. या सततच्या ओढीने घशातील भाग सुजतात, स्वरयंत्राजवळील लहान पिशव्या बाहेर ओढल्या जातात आणि मार्ग आणखी अरुंद होतो. शेवटच्या टप्प्यात स्वरयंत्राचे कूर्चेचे आधार कमकुवत होऊन ते आत खचते. या अवस्थेत उपचारांचा उपयोग मर्यादित राहतो. विकार असा पायरीपायरीने वाढत असल्याने तो लवकर ओळखण्याला महत्त्व आहे.

श्वास ओढण्याच्या या जोरामुळे छातीत निर्माण होणारा दाब अन्ननलिकेवरही परिणाम करतो. त्यामुळे जेवणानंतर अन्न वर येणे, फेस ओकणे, वारंवार ओठ चाटणे व आवंढे गिळणे अशा तक्रारी उद्भवतात. पोट बिघडले म्हणून औषध देत राहिल्याने त्या थांबत नाहीत, कारण मूळ दोष श्वसनमार्गात असतो. फ्रेंच बुलडॉगमध्ये या तक्रारी विशेष आढळतात.

या विकाराचे प्रमाण किती मोठे आहे, याची कल्पना ब्रिटनमधील २०२२ च्या एका अभ्यासावरून येते. रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने ४,३०८ पग आणि २१,८३५ इतर श्वानांच्या वैद्यकीय नोंदींची तुलना केली. पगमध्ये या श्वसनविकाराचा धोका इतर श्वानांच्या तुलनेत सुमारे ५४ पट आढळला. एकूण ४० नेहमीच्या विकारांपैकी २३ विकारांचा धोका पगमध्ये अधिक होता. आरोग्याच्या दृष्टीने पग हा आता सर्वसामान्य श्वान मानता येणार नाही, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

लक्षणे कशी ओळखावीत?

पुढीलपैकी एखादे लक्षण नेहमी दिसत असेल, तर ते जातीचे वैशिष्ट्य मानून सोडून देऊ नये.

* जागेपणी, शांत बसलेला असतानाही श्वासाचा आवाज येणे.
* रोज मोठ्याने घोरणे, झोपेत क्षणभर श्वास थांबून दचकून जागे होणे.
* बसून झोपणे, हनुवटी उशीवर वा पलंगाच्या कडेवर टेकवून झोपणे किंवा तोंडात खेळणे धरून झोपणे. तोंड उघडे राहावे आणि श्वास मिळावा यासाठी श्वान स्वतःच शोधलेला हा उपाय असतो.
* थोडे चालून थांबणे, खेळ अर्धवट सोडणे, फिरून आल्यावर बराच वेळ धाप न थांबणे.
* खाताना धाप लागणे, घास अडकणे, अन्न वर येणे.
* श्वास घेताना नाकपुड्या आत ओढल्या जाणे, पोट जोराने हलणे.

झोपलेल्या श्वानाचे श्वास मिनिटभर मोजण्याची सवय ठेवावी. गाढ झोपेत ते मिनिटाला तीसपेक्षा कमी असावेत. सातत्याने त्याहून अधिक श्वास भरत असतील, तर पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. दवाखान्यात श्वान घाबरलेला असल्याने नेहमीची लक्षणे दिसतातच असे नाही. त्यासाठी झोपेतील घोरण्याची आणि फिरून आल्यानंतरच्या धापेची मोबाईलवर काढलेली छोटी चित्रफीत डॉक्टरांना दाखविणे उपयुक्त ठरते.

ब्रिटनमध्ये केंब्रिज विद्यापीठ आणि तेथील केनेल क्लब यांनी २०१९ साली या विकाराची प्रतवारी करणारी एक पद्धत सुरू केली. त्यात श्वानाचा श्वास आधी स्टेथोस्कोपने ऐकला जातो, मग त्याला तीन मिनिटे दुडक्या चालीने चालविले जाते आणि पुन्हा श्वास ऐकला जातो. त्यानुसार शून्य ते तीन अशी श्रेणी दिली जाते. विश्रांतीच्या वेळी न जाणवणारा दोष थोड्या श्रमानंतर उघड होतो, हे या चाचणीमागचे तत्त्व आहे.

उन्हाळा : सर्वाधिक धोक्याचा काळ

माणसाला घाम येतो आणि त्याच्या बाष्पीभवनाने शरीर थंड होते. श्वानाला घाम केवळ पंजांच्या तळव्यांना येतो. जीभ बाहेर काढून धापा टाकणे, म्हणजेच जीभ, तोंड आणि नाकातील ओलाव्याचे बाष्पीभवन करणे, हाच त्याचा शरीर थंड ठेवण्याचा मुख्य मार्ग होय. चपट्या चेहऱ्याच्या श्वानाचे नाक आखूड आणि मार्ग अरुंद असल्याने ही यंत्रणा अपुरी पडते. धापा टाकण्यासाठी करावे लागणारे श्रम शरीरात आणखी उष्णता निर्माण करतात, घसा सुजतो आणि मार्ग अधिकच बंद होतो. हे दुष्टचक्र काही मिनिटांत जिवावर उठू शकते.

ब्रिटनसारख्या थंड देशातही हा धोका ठळकपणे दिसतो. तेथील नऊ लाखांहून अधिक श्वानांच्या नोंदींवर आधारित २०२० च्या अभ्यासात मध्यम लांबीच्या मुस्कटाच्या श्वानांपेक्षा चपट्या चेहऱ्याच्या श्वानांमध्ये उष्माघाताशी संबंधित आजारांचा धोका दुपटीहून अधिक आढळला. इंग्लिश बुलडॉगमध्ये हा धोका लॅब्रेडॉरच्या सुमारे १४ पट होता. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या विश्लेषणात अशा आजारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश प्रसंग फिरणे, धावणे, खेळणे अशा श्रमांनंतर उद्भवल्याचे दिसले. बंद मोटारीत श्वान ठेवल्याने होणारे प्रसंग त्या तुलनेत कमी होते. केवळ उन्हात ठेवले नाही, म्हणजे धोका टळला, असे समजता येत नाही.

महाराष्ट्रात एप्रिल-मे महिन्यांत विदर्भाचा पारा ४५ अंश सेल्सिअसच्या घरात जातो. मुंबई व कोकण किनारपट्टीवर पारा ३३-३४ अंशांवर असला, तरी हवेतील दमटपणामुळे बाष्पीभवन मंदावते आणि धापा टाकूनही शरीर पुरेसे थंड होत नाही. पावसाळ्यानंतरच्या ऑक्टोबरच्या उकाड्यातही हीच स्थिती असते. या दिवसांत पुढील पथ्ये पाळावीत.

* फिरणे पहाटे सूर्योदयापूर्वी किंवा रात्री उशिरा, तेही थोडेच. डांबरी रस्ता व फरशी हाताच्या पालथ्या बाजूने पाहावी. पाच-सात सेकंद हात ठेववत नसेल, तर पंजेही भाजतात.
* घरात पंखा, कूलर किंवा वातानुकूलन असावे. बंद गॅलरीत वा गच्चीवर श्वानाला बांधून ठेवू नये.
* मोटारीत पाच मिनिटांसाठीही एकटे सोडू नये. खिडकी थोडी उघडी ठेवल्याने आतील तापमानात फारसा फरक पडत नाही.
* पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवावीत आणि फिरताना पाणी सोबत न्यावे.
* समारंभासाठी कपडे, टोप्या घालणे टाळावे. तोंड बांधणारी मुसकी तर कदापि घालू नये.

दिवाळीतील फटाक्यांच्या भीतीनेही हे श्वान अखंड धापा टाकतात आणि थंडीच्या दिवसांतही त्यांना श्वास पुरत नाही. आतल्या खोलीत खिडक्या बंद करून, पंखा लावून त्यांच्यासोबत थांबावे. फटाक्यांना दरवर्षी घाबरणाऱ्या श्वानासाठी कोणते औषध द्यायचे, हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावे.

उष्माघात झाल्यास

श्वानाचे शरीराचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. गुदद्वारात थर्मामीटर ठेवून ते मोजता येते. ते १०४ च्या वर गेले, जीभ गडद लाल वा जांभळट झाली, लाळ चिकट होऊन गळू लागली, चाल अडखळू लागली किंवा श्वान ग्लानीत गेला, तर एक क्षणही दवडू नये. आधी थंड करावे आणि मग दवाखान्यात न्यावे, हा क्रम पशुवैद्यकांनी घालून दिला आहे. श्वानाला सावलीत आणून अंगावर, पोटावर, मांड्यांच्या आतल्या बाजूस भरपूर पाणी ओतावे आणि पंखा लावावा किंवा वारा घालावा. बर्फ शोधत बसू नये. साधे पाणी चालते. मात्र दुपारच्या वेळी गच्चीवरील टाकीचे पाणी तापलेले असते, हे ध्यानात ठेवून पिण्यासाठी भरून ठेवलेले पाणी वापरावे. नाकातोंडावर पाणी ओतू नये आणि पाणी जबरदस्तीने पाजू नये. ओला टॉवेल अंगावर झाकून ठेवल्यास उष्णता आतच कोंडते, त्यामुळे तसे करू नये. तापमान १०३ अंशांपर्यंत उतरले की पाणी ओतणे थांबवावे. थर्मामीटर हाताशी नसल्यास पाणी ओतत व वारा घालतच दवाखाना गाठण्याची व्यवस्था करावी.

हा संसर्गाने आलेला ताप नसल्याने पॅरासिटामॉलसारख्या औषधांचा उपयोग होत नाही, उलट माणसांसाठीची ही औषधे श्वानाला घातक ठरू शकतात. श्वान सावरल्यासारखा वाटला, तरी मूत्रपिंड, यकृत आणि रक्त गोठण्याच्या क्रियेवरील परिणाम एक-दोन दिवसांनी दिसू शकतात. त्यामुळे तपासणी टाळू नये.

डोळ्यांची काळजी

कवटी आखूड असल्याने डोळ्यांच्या खोबणी उथळ राहतात आणि डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. अनेक श्वानांच्या पापण्या झोपेतही पूर्ण मिटत नाहीत. परिणामी डोळा कोरडा पडतो आणि नाकावरील वळीचे केस, धूळ किंवा खेळताना लागलेला ओरखडा यांमुळे बुबुळावरील पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, जखम होते. ब्रिटनमधील २०१७ च्या अभ्यासात मिश्र जातीच्या श्वानांच्या तुलनेत पगमध्ये या जखमेची शक्यता सुमारे १९ पट आढळली.

डोळा किलकिला करणे, पाणी वाहणे, लाली, पंजाने डोळा चोळणे, बुबुळावर निळसर-पांढरा ढगाळपणा ही जखमेची लक्षणे होत. अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. घरात पडून असलेले माणसांचे थेंब परस्पर घालू नयेत. त्यात स्टिरॉइड असेल, तर जखम चिघळून डोळा फुटण्याची भीती असते. डोळ्यात काळसर थर हळूहळू पसरत असेल किंवा चिकट पू वारंवार येत असेल, तर अश्रूंचे प्रमाण तपासून घ्यावे.

भांडणात, अपघातात किंवा मानगूट जोराने ओढली गेल्यास या श्वानांचा डोळा खोबणीतून बाहेर येऊ शकतो. घाबरून तो आत ढकलण्याचा प्रयत्न करू नये. सलाइनने किंवा स्वच्छ पाण्याने भिजविलेला मऊ कपडा डोळ्यावर हलकेच ठेवून तातडीने पशुवैद्यकाकडे न्यावे.

त्वचा, दात आणि पाठीचा कणा

चेहऱ्यावरील वळ्यांत ओल, अश्रू व अन्नाचे कण साचतात आणि तेथे जंतू व बुरशी वाढते. दुर्गंधी, लाली, केस गळणे ही त्याची चिन्हे. पावसाळ्यात हा त्रास बळावतो. रोज ओल्या कापसाने वळी पुसून नंतर कोरड्या कपड्याने टिपून घ्यावी. पुसण्याइतकेच कोरडे करणे महत्त्वाचे आहे. हळद, खोबरेल किंवा पावडर वळीत भरू नये. त्याने ओल धरून राहते. बुलडॉगच्या आखूड, पिळदार शेपटीखालीही अशीच वळी असते आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

श्वानाला ४२ दात असतात. जबडा आखूड झाला तरी दातांची संख्या तीच राहिल्याने ते तिरके आणि दाटीने येतात. फटींत अन्न अडकून हिरड्या सडतात. पिल्लूपणापासून श्वानांसाठीच्या टूथपेस्टने दात घासण्याची सवय लावावी. माणसांची टूथपेस्ट वापरू नये.

बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग आणि बोस्टन टेरियर यांच्या पिळदार शेपटीस कारणीभूत असलेली जनुकीय रचना पाठीच्या मणक्यांवरही परिणाम करते. काहींचे मणके अर्धवट किंवा पाचरीच्या आकाराचे असतात. फ्रेंच बुलडॉगमध्ये मणक्यांमधील चकती सरकण्याचे प्रमाणही मोठे आहे. मागचे पाय लटपटणे, पंजे घासत चालणे, उडी मारण्यास नकार, लघवीवरील ताबा सुटणे ही लक्षणे दिसताच विलंब करू नये. सोफ्यावरून उड्या आणि जिन्याची चढउतार कमी करणे हिताचे असते.

वजन, व्यायाम आणि आहार

घरच्या घरी करता येण्याजोगा सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे वजनावर नियंत्रण. घशाभोवती व छातीवर चरबी साठली, की आधीच अरुंद असलेला मार्ग आणखी दबतो. पगसाठी ठरविलेले आदर्श वजन सुमारे साडेसहा ते आठ किलो आहे. घरोघरी दिसणारे कित्येक पग त्याहून जड असतात. श्वानाच्या बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हात फिरविल्यावर सहज लागाव्यात आणि वरून पाहिल्यास कंबर दिसावी, ही साधी कसोटी आहे.

घरातील प्रत्येकाने प्रेमाने दिलेली ग्लुकोजची बिस्किटे, पोळीचा तुकडा, चहाबरोबरची खारी यांची बेरीज मोठी होते. दिवसभराचे अन्न सकाळीच मोजून एका डब्यात काढून ठेवावे आणि जे द्यायचे ते त्यातूनच द्यावे. दिवसातून दोन-तीन वेळा थोडे थोडे, पसरट व उथळ भांड्यात द्यावे. जेवणाच्या आधी व नंतर तासभर धावपळ नको.

व्यायाम बंद करू नये. श्रम झेपत नाहीत म्हणून फिरणे थांबविले की वजन वाढते आणि श्वास अधिकच अडतो. थंड वेळी, दमण्यापूर्वी थांबत, दिवसातून दोनदा छोटी फेरी योग्य ठरते. गळ्यातील पट्टा ओढला गेल्यास श्वसनमार्ग दाबला जातो आणि डोळ्यांवरही ताण येतो. त्याऐवजी छातीभोवती बसणारा हार्नेस वापरावा. जड डोके व आखूड पायांमुळे बुलडॉग आणि पग यांना पोहणे जमत नाही. लोणावळा-अलिबागकडील बंगल्यांत सुट्टीसाठी जाताना पोहण्याच्या तलावाजवळ त्यांना एकटे सोडू नये.

शस्त्रक्रिया आणि भूल

श्वसनमार्गाच्या विकारावर शस्त्रक्रिया उपलब्ध आहे. तीत नाकपुड्या रुंद केल्या जातात, टाळूचा जादा भाग कापून आखूड केला जातो आणि आवश्यकतेनुसार स्वरयंत्राजवळील बाहेर आलेल्या पिशव्या काढल्या जातात. त्यामुळे श्वानाचे नाक लांब होत नाही. परंतु मार्ग मोकळा होऊन झोप, चालणे आणि खाणे यांत बहुतेकांना चांगला फरक पडतो. स्वरयंत्र खचण्यापूर्वी, तरुण वयात ती केल्यास लाभ अधिक होतो. नसबंदीसाठी भूल द्यायचीच असेल, तर त्याच वेळी नाकपुड्या व टाळूची तपासणी करून घेण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे.

या श्वानांना भूल देताना आणि विशेषतः भुलीतून बाहेर येताना धोका अधिक असतो. भुलीपूर्वी प्राणवायू दिला जाईल का, श्वासनलिकेत नळी घालून भूल दिली जाईल का, श्वान पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत नळी ठेवून कोणी लक्ष ठेवणार आहे का आणि रात्री देखरेखीची सोय आहे का, हे चार प्रश्न मालकाने निःसंकोचपणे विचारावेत.

मुंबईत परळ येथे १८८० च्या दशकापासून बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय कार्यरत आहे. 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणून ते मुंबईकरांना परिचित आहे. नागपूर येथील महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांतही लहान प्राण्यांवर उपचार होतात. रात्री सुरू असणारा आपल्या घराजवळचा दवाखाना कोणता, हे मात्र प्रत्येक मालकाने आधीच शोधून ठेवावे.

प्रवास

विमानाच्या मालकक्षातून चपट्या चेहऱ्याच्या श्वानांना नेण्यास अनेक विमान कंपन्या नकार देतात. त्यामागे अनुभव आहे. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने २०१० साली दिलेल्या माहितीनुसार मे २००५ पासून विमानप्रवासात किमान १२२ श्वान दगावले होते. त्यांपैकी जवळपास निम्मे आखूड चेहऱ्याच्या जातींचे होते. इंग्लिश बुलडॉग २५ तर पग ११ होते. रेल्वेने जाताना प्रथम वर्गाचा संपूर्ण कूपे किंवा केबिन आरक्षित करून श्वानाला सोबत नेता येते. गार्डच्या डब्यातील पेटीतून उन्हाळ्यात या श्वानांना पाठविणे मात्र धोक्याचे आहे.

पिल्लू घेण्यापूर्वी

या श्वानांच्या आयुर्मानाविषयी ब्रिटनमध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बोलका आहे. मध्यम लांबीच्या मुस्कटाच्या श्वानांचे मध्यक आयुर्मान १२.८ वर्षे, तर चपट्या चेहऱ्याच्या श्वानांचे ११.२ वर्षे आढळले. जन्माच्या वेळीही अडचणी असतात. पिल्लांचे डोके मोठे आणि मादीची कटी अरुंद असल्याने नैसर्गिक प्रसूती अवघड ठरते. ब्रिटनमधील २०१० च्या पाहणीत बोस्टन टेरियर, बुलडॉग आणि फ्रेंच बुलडॉग यांच्या ८० टक्क्यांहून अधिक प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या होत्या. घरच्या मादीला एकदा तरी पिल्ले व्हावीत, अशी हौस बाळगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

काही देशांनी याबाबत कायद्याचा आधार घेतला. नेदरलँड्सने २०१९ साली निकष ठरवून, ज्यांच्या मुस्कटाची लांबी कवटीच्या लांबीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी आहे, अशा श्वानांच्या पैदाशीला मनाई केली. आपल्याकडे २०१७ च्या श्वान पैदास व विक्री नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. मादी १८ महिन्यांपेक्षा लहान वा आठ वर्षांपेक्षा मोठी नसावी आणि तिची आयुष्यात पाचपेक्षा अधिक बाळंतपणे होऊ नयेत, असेही नियम सांगतात. नोंदणी क्रमांक विचारणे हा ग्राहकाचा अधिकार आहे. केनेल क्लबच्या वंशावळीचा कागद श्वान कोणत्या जातीचा आहे एवढेच सांगतो. तो निरोगी असल्याची ती हमी नव्हे.

चपट्या चेहऱ्याचे पिल्लू घ्यायचेच असेल, तर त्याच्या आईला प्रत्यक्ष पाहावे आणि शक्य असल्यास वडिलांनाही. त्यांच्या नाकपुड्या उघड्या आहेत का, पाच-दहा मिनिटे खेळल्यावर श्वासाचा आवाज येतो का, पूर्वी त्यांच्यावर नाकाची, टाळूची वा डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे का, याची चौकशी करावी. थोडे लांब नाक असलेले पिल्लू 'अस्सल नाही' म्हणून नाकारण्याचा प्रघात आहे. प्रकृतीच्या दृष्टीने तेच पिल्लू निवडणे शहाणपणाचे ठरते. जातीचा आग्रह नसलेल्यांसाठी आपल्या हवामानाला सरावलेले, लांब मुस्कटाचे देशी पिल्लू हा उत्तम पर्याय आहे.

तातडीने दवाखान्यात केव्हा न्यावे?

* जीभ किंवा हिरड्या निळसर, जांभळट वा पांढऱ्याफटक दिसल्यास.
* विश्रांती घेऊनही दहा मिनिटांत धाप न ओसरल्यास, मान ताणून व कोपरे फाकवून श्वास घेत असल्यास.
* शुद्ध हरपल्यास, झटके आल्यास.
* डोळा बाहेर आल्यास, मिटून घेतल्यास वा बुबुळ ढगाळ झाल्यास.
* मागचे पाय अचानक लुळे पडल्यास.
* गाभण मादी दोन तास प्रसूतीच्या कळा देत असूनही पिल्लू बाहेर न आल्यास.

दवाखान्यात नेताना श्वानाला उताणे धरू नये, मान वळवू नये आणि मोटारीतील वातानुकूलन सुरू ठेवावे. निघण्यापूर्वी दूरध्वनी करून श्वासाचा त्रास असल्याचे कळवावे, म्हणजे पोहोचताच प्राणवायूची सोय तयार ठेवता येते.